पोळपाट मावेना तेव्हा: लाकूड कातायची नवी लेथ निवडताना

माझ्या जुन्या लेथवर ८ इंच रुंदीचं लाकूड कसंबसं फिरायचं, आणि आमच्या घरातला पोळपाट १० इंचांचा. ओळखीपाळखीत लाटणी करून द्यायला लागले तसं प्रत्येक घरातून हेच ऐकू यायचं, "लाटणं छान झालंय, आता जोडीचा पोळपाटही द्या की." मी नाही म्हणायची. तीन वर्षं नाही म्हटल्यावर एका दिवाळीत ठरवलं की मोठी लेथ घ्यायची. प्रत्यक्ष घ्यायला पुढे दहा महिने गेले. ते गेले हेच बरं झालं, कारण दिवाळीत मी जी घेणार होते ती माझ्या कामाची नव्हती.

मी नाशिकला सिडकोत राहते. रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये १० बाय ८ फुटांचं पत्र्याचं शेड टाकलंय, तेच माझं वर्कशॉप. लाटणी, रव्या, वाडगे, भोवरे, मधूनच पेन, असं माझं काम. एक छोटी लेथ आधीच हाताशी आहे, ती अपुरी पडतेय आणि दुसरी घेण्याचा विचार चाललाय, अशांसाठी हे लिहितेय.

आधी सहा महिने लिहून ठेवा

दुकानात जायच्या आधी एक काम करा. लेथशेजारच्या भिंतीवर एक कागद लावा आणि मशीनमुळे काम अडलं की लगेच तारीख टाकून एक ओळ लिहा. मी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होते. सहा महिन्यांत २३ नोंदी झाल्या. माझी खात्री होती की सगळ्यात जास्त वेळा रुंदी आडवी आली असणार. मोजल्यावर निघालं भलतंच. ११ वेळा वेग कमी होत नव्हता म्हणून अडले होते, ६ वेळा लांबी पुरली नव्हती, ४ वेळा रुंदी आणि २ वेळा मोटर दमली होती.

रुंदीच्या नोंदी कमी दिसतात त्याचंही कारण आहे. जे मावत नाही ते आपण करायलाच घेत नाही, त्यामुळे ते कागदावर येत नाही. म्हणून शेजारी दुसरी यादी करा: लोकांनी मागितलेल्या आणि आपण नाकारलेल्या वस्तू. माझ्या त्या यादीत पोळपाटच पोळपाट होते. दोन्ही याद्या समोर ठेवल्यावर मला हवी असलेली लेथ आपोआप दिसायला लागली. ती फार मोठी नव्हती, पण सावकाश फिरणारी आणि जड होती.

रुंदी आणि लांबी

लेथच्या जाहिरातीत दोन आकडे पुढे असतात. पहिला स्विंग, म्हणजे बेडच्या (लेथच्या खालच्या आडव्या अंगाच्या) वर जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरेल. स्पिंडल म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, त्याच्या मध्यापासून बेडपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा, झाला स्विंग. दुसरा आकडा दोन सेंटरमधल्या, म्हणजे लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या भागांमधल्या अंतराचा.

या आकड्यांवर जसेच्या तसे जाऊ नका. हत्यार टेकवायचा टूल रेस्ट ज्यावर बसतो त्या सरकत्या भागाला बँजो म्हणतात. बँजो लाकडाच्या खाली आणला की तिथली जागा कमी होते, आणि १४ इंचांच्या लेथवर ती ११ इंचांपर्यंत येऊ शकते. पोळपाटासारखी चकती करताना बँजो बाजूला ठेवता येतो, म्हणून तिथे पूर्ण स्विंग मिळतो. पण लांब आणि जाड काम दोन्ही सेंटरमध्ये धरलं की बँजोला त्याच्या खालूनच सरकावं लागतं. शिवाय १० इंचांच्या पोळपाटाला सुरुवातीचा ठोकळा साडेदहा-अकरा इंचांचा लागतो, कारण करवतीने कापलेला गोल कधीच खरा गोल नसतो.

लांबीचं गणित तर घरातल्या घरात कळतं. माझं लाटणं मुठींसकट १३ इंचांचं, रवी त्याहून लांब. १२ इंचांच्या लेथवर लाटण्याच्या मुठी मी वेगळ्या कातून भोक पाडून बसवायची. पुढे पावसाळ्यात त्या सैल व्हायच्या आणि लाटणं परत यायचं. त्यात चक, म्हणजे लाकूड एका बाजूने धरणारा जबडा लावला की तो स्वतःच तीन-चार इंच खातो, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. मी शेवटी १४ इंच स्विंग आणि २० इंच लांबीची घेतली. जिन्याचे गज किंवा खाटेचे पाय करायचे नसतील तर घरगुती कामाला एवढी लांबी पुरते. बऱ्याच लेथना पुढे जोड-बेड लावता येतो, तो मिळतो का तेवढं विचारून ठेवा.

सगळ्यात खालचा वेग विचारा

विक्रेता नेहमी सांगतो की मशीन मिनिटाला साडेतीन-चार हजार फेरे घेतं. तुम्ही विचारा, कमीत कमी किती?

माझी जुनी लेथ ७५० च्या खाली यायचीच नाही. ७५० ऐकायला कमी वाटतं. पण १० इंचांच्या ठोकळ्याची कड त्या वेगाला सेकंदाला सुमारे १० मीटर धावते, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. रस्त्यावरच्या स्कूटरचा वेग, तोही एका बाजूला जड असलेल्या लाकडाच्या कडेला. एकदा मी आंब्याचा साडेसात इंचांचा ठोकळा लावला होता. त्याची एक बाजू ओली होती, म्हणून जड. बटण दाबताच टेबलासकट सगळं नाचायला लागलं, चकमधून ठोकळा निसटला आणि वरची ट्यूबलाइट फोडून गेला. मी बाजूला उभी होते म्हणून वाचले. त्या दिवसापासून सुरू करताना ठोकळ्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा माझ्या शेडमधला पहिला नियम आहे.

वेग ठरवायचा जुना हिशेब असा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार ६००० ते ९००० च्या मध्ये ठेवायचा. १० इंचांच्या पोळपाटाला ६०० ते ९००. पण हा वेग लाकूड गोल झाल्यानंतरचा. ओबडधोबड ठोकळा गोल करताना मी २५०-३०० पासून सुरू करते आणि थरथर थांबेल तसं वर जाते. लाटण्यासारख्या बारीक कामाला याच हिशेबाने आकडा भलताच मोठा येतो, तो पाळायची गरज नाही. मी लाटण्याला २०००-२५०० च्या वर जात नाही आणि काम स्वच्छ होतं.

नाशिककरांसाठी कमी वेगाचं आणखी एक कारण सांगते. निफाड-दिंडोरीकडे जुन्या द्राक्षबागा काढल्या की खोडं बांधावर पडून असतात, बरीचशी जळणात जातात. बागवाल्याला विचारलं तर तो आनंदाने देतो. ही खोडं पिळलेली, मध्येच पोकळ, साल आत घुसलेली अशी असतात. वाटी केली की तिच्यावर जे नक्षीकाम निघतं ते सागवानात कधी दिसायचं नाही. पण असं लाकूड कधीच तोलात नसतं. माझ्या ११ नोंदींपैकी ७ या द्राक्षाच्या खोडांच्या होत्या. नवी लेथ साधारण १०० फेऱ्यांपासून सुरू होते. आता तीच खोडं मी निवांत कातते.

बीड आणि वजन

लेथचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं हवं; बेड, हेडस्टॉक (स्पिंडलची बाजू), टेलस्टॉक (समोरचा सरकता आधार) सगळंच. बीड थरथर स्वतःत जिरवतं. पत्र्याच्या किंवा पोकळ पाइपच्या बेडवर तीच थरथर हत्यारापर्यंत पोचते आणि लाकडावर बारीक लाटा उमटतात. त्या लाटा घालवायला अर्धा तास पॉलिशपेपर घासत बसावं लागतं. माझी जुनी लेथ २० किलोची होती, नवी स्टँड सोडून ७० किलोच्या वर आहे. दोन्हींवर एकाच फांदीचे दोन तुकडे, तेच गाऊज (खोलगट पात्याचं कातायचं हत्यार), तशीच धार लावून मी कातून बघितले. नव्या लेथवरचा तुकडा पेपर न लावता गालाला लावावा इतका गुळगुळीत आला.

जड मशीन परवडत नसेल तर स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूच्या दोन गोण्या ठेवा. मी नव्या लेथलासुद्धा ठेवल्या आहेत.

मोटर आणि वीज

तीन प्रकार बघायला मिळतात. साधी सिंगल फेज मोटर आणि पायऱ्यांच्या पुली, यात वेग बदलायला दर वेळी मशीन थांबवून पट्टा सरकवायचा. दुसरी डीसी मोटर, तिचा वेग गोल बटणाने कमी-जास्त होतो. तिसरी थ्री फेज मोटर, जिला व्हीएफडी नावाचा डबा चालवतो. हा डबा घरातली साधी २३० व्होल्टची सिंगल फेज वीज घेऊन मोटरला थ्री फेज करून देतो, त्यामुळे महावितरणकडे वेगळं कनेक्शन मागावं लागत नाही. अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यांमधून व्हीएफडी जागोजागी असल्याने तो दुरुस्त करणारा माणूसही नाशिकमध्ये सहज सापडतो. डीसी मोटरचं कार्ड जळलं तर मात्र तेच कार्ड मिळेपर्यंत थांबावं लागतं. घेण्याआधी विचारा की कार्ड सुटं मिळतं का आणि किती दिवसांत.

बटणाने वेग कमी होतो म्हणून पट्टा विसरू नका. नुसत्या बटणाने मोटर हळू केली की तिची ताकदही त्या प्रमाणात घटते, आणि १० इंचांच्या ठोकळ्यावर जरा जोर दिला की ती अडकते. पट्टा कमी वेगाच्या पुलीवर आणला की मोटर जोरात फिरते, स्पिंडल हळू फिरतो आणि जोर वाढतो. मोठ्या कामाला आधी पट्टा बदला, मग बटण फिरवा. माझी १ एचपीची मोटर पोळपाटाला पुरून उरते.

वायरिंग मात्र जुन्या पंख्याच्या बोर्डावरून ओढू नका. मी मीटरपासून वेगळी २.५ स्क्वेअर एमएमची वायर, वेगळा एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घेतलं. पत्र्याचं शेड, पावसाळ्यातली ओल आणि लोखंडी मशीन, यात अर्थिंगशी तडजोड नको.

आटे आणि टेपर

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. स्पिंडलच्या बाहेरच्या आट्यांवर चक बसतो. माझ्या जुन्या लेथचे आटे पाऊण इंच, १६ टीपीआय, म्हणजे इंचाला १६ आटे. नव्या लेथवर बहुधा १ इंच ८ टीपीआय किंवा एम३३ गुणिले ३.५ (३३ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत ३.५ मिलिमीटर अंतर) असे आटे दिसतील. म्हणजे जुना चक नव्यावर बसत नाही. काही चकांच्या मागे बदलता येणारी आट्यांची बुश असते, तेवढी नवी घेतली की काम होतं. काहींचे आटे चकच्या अंगातच पाडलेले असतात, ते बदलत नाहीत. मध्ये अडॅप्टर लावता येतो, पण त्याने चक स्पिंडलपासून आणखी पुढे येतो आणि थोडी थरथर वाढते. पोळपाटासारख्या रुंद कामाला मी अडॅप्टर लावणार नाही.

नवा चक घेताना त्याच्या मागच्या बाजूला छोटा ग्रब स्क्रू आहे का ते बघा. पॉलिशपेपर लावताना लेथ उलटी फिरवली तर लाकडाचे तंतू छान बसतात, पण उलट्या फिरण्यात चक स्वतःच उघडून खाली येऊ शकतो. ग्रब स्क्रू त्याला धरून ठेवतो.

स्पिंडलच्या आत असतो मोर्स टेपर, म्हणजे सेंटर बसवायचं निमुळतं भोक. छोट्या लेथला बहुधा १ नंबर, मध्यम लेथला २ नंबर. मोठ्या टोकाचा व्यास १ नंबरला सुमारे १२ मिलिमीटर आणि २ नंबरला १७.८. जुनी १ नंबरची सेंटर असतील तर स्लीव्ह घालून २ नंबरमध्ये बसतात, टाकून देऊ नका. हा टेपर स्टीफन मोर्स यांनी १८६० च्या दशकात अमेरिकेत काढला आणि आज जगभरच्या ड्रिलिंग मशीनमध्ये तोच आहे. याचा नाशिकमध्ये राहणाऱ्याला मोठा फायदा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना माल देणाऱ्या टूल्सच्या दुकानात जाऊन २ नंबरचं रिव्हॉल्व्हिंग सेंटर, ड्रिल चक, आर्बर मागा, लगेच मिळतं. छंदाच्या वस्तू विकणाऱ्यांकडे तेच दुप्पट भावाने बघितलंय.

बघायला जाताना जाणत्याला न्या

आमच्या शेजारी एक काका राहतात, अंबडच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. दिवाळीनंतर मी नाशिकरोडला एक वापरलेली लेथ बघायला गेले तेव्हा त्यांना बरोबर नेलं. मशीन दिसायला देखणं, नुकताच रंग मारलेला, आणि मी मनात पैसे मोजूनही टाकले होते. मालकांनी सुरू करून दाखवलं.

मी म्हटलं, "काका, आवाज तर काहीच येत नाही."

"ताई, रिकामी फिरताना सगळ्याच गोड बोलतात. पट्टा काढायला सांगा."

पट्टा काढल्यावर त्यांनी स्पिंडल दोन बोटांनी सावकाश फिरवला आणि मला फिरवायला दिला. एका जागी तो किंचित अडायचा, वाळूवरून फिरल्यासारखा. पट्टा लावलेला असताना ते कळणं शक्यच नव्हतं. मग पट्टा परत लावून मशीन सुरू केलं. काकांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकवर बेअरिंगच्या जागी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मलाही तसं ऐकायला लावलं. आत बारीक खरखर होती. मशीन बंद करून त्यांनी पिशवीतून डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) काढला, टेपरच्या आत टेकवला आणि स्पिंडल हाताने एक फेरा फिरवला. काटा ८० मायक्रॉन हलला.

"लाकडाला एवढं चालत नाही का?"

"लाकडाला चालेल हो. पण चांगल्या मशीनवर वीस-तीस येतात. हे आज ऐंशी आहे, वर्षाने किती होईल? बेअरिंग बदलता येतं, त्याचं काही नाही. आता तुम्ही टेपरमध्ये बोट घाला."

मी करंगळी आत घातली आणि हळूच फिरवली. एका बाजूला नखाला धार लागली, गोल गोल गेलेला ओरखडा. कधीतरी सेंटर आत सैल बसून फिरलं होतं आणि त्याने टेपर खरवडला होता. बेअरिंग साधी, ६००० मालिकेतली, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळणारी होती. पण हा टेपर दुरुस्त करायचा तर स्पिंडलच काढून ग्राइंडिंगला द्यावा लागला असता. आम्ही चहा घेतला, आभार मानले आणि परत आलो. काका नसते तर ती लेथ माझ्या शेडमध्ये आली असती.

डायल गेज नसला तरी एक परीक्षा कोणालाही जमते. हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर लावा, टेलस्टॉकमध्येही टोकदार लावा, आणि टेलस्टॉक पुढे सरकवून दोन्ही टोकं जवळजवळ भिडवा. मागे पांढरा कागद धरा. टोकाला टोक भिडलं पाहिजे, वरूनही आणि बाजूनेही. मग टेलस्टॉकचा दांडा दोन इंच बाहेर काढून परत बघा, आणि लॉक आवळताना टोक हलतं का तेही. टूल रेस्टची वरची कड बोटाने चाचपा. तिथे खड्डे असतील तर हत्यार अडखळतं, पण तो दोष कानशीने जातो, त्यासाठी लेथ नाकारू नका.

आपल्याकडे सगळे सुचवतात त्या दोन पर्यायांविषयीही सांगते. एक, कारखान्यातून निघालेली, लोखंड कातायची जुनी लेथ. तिचा वेग लाकडाला बहुतेक वेळा कमी पडतो, हाताने हत्यार टेकवायला टूल रेस्ट नसतो, आणि ओल्या बाभळीचा रस तिच्या उघड्या बेडवर पडला की एका रात्रीत काळे डाग येतात. दोन, सोफ्याचे आणि खाटेचे पाय कातणारे कारागीर वापरतात ती चॅनलवर जोडलेली लांब लेथ. ती स्वस्त असते आणि लांब कामाला उत्तम, त्यांचे हात तिच्यावर जे करतात ते बघत बसावं. पण पोळपाट-वाडग्यासाठी लागणारा चक तिच्यावर सहसा बसत नाही.

उंची, ओढणी, मंगळसूत्र

स्पिंडल कोपराच्या उंचीला हवा. माझी उंची ५ फूट १ इंच, कोपर जमिनीपासून ३८ इंचांवर. नव्या लेथचा स्पिंडल स्टँडवर ४२ इंचांवर आला. पहिल्या दिवशी तासाभरात खांदे भरून आले. स्टँडचे पाय कापायचा विचार होता, पण काकांनी दुसरंच सुचवलं. जुन्या दाराच्या फळ्यांचा ४ इंच उंच, लेथच्या लांबीएवढा चौथरा करून त्यावर उभी राहायला लागले. लाकडावर उभं राहिल्याने पायही कमी दुखतात, आणि माझा उंच मुलगा लेथवर येतो तेव्हा चौथरा बाजूला काढतो. बायकांनी लेथ घेताना हे माप आधी घ्यावं, कारण स्टँड करणाऱ्याने आपला विचार केलेला नसतो.

शेडमध्ये शिरताना मी ओढणी घरात ठेवते, वेणीचा अंबाडा घालून रुमाल बांधते, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून दारामागच्या खिळ्याला अडकवते. सासूबाईंना आधी ते रुचलं नव्हतं. मी त्यांना लेथवर एक दोरा कसा गुंडाळला जातो ते दाखवलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत तो सगळा आत ओढला गेला. आता मी विसरले तर सासूबाईच दारातून हाक मारतात. तोंडावर पूर्ण फेसशील्ड आणि नाकाला एन९५ लागतोच. शिसमाच्या भुशाने अनेकांना खाज आणि शिंका सुरू होतात, सागवानानेही होतात.

पैशांची वाटणी

हातात जेवढे पैसे असतील त्यातले रुपयाला दहा आणे मशीनला आणि सहा आणे बाकीच्याला ठेवा. बाकीचं म्हणजे चक, दोन-तीन चांगली एचएसएसची (हायस्पीड स्टीलची) हत्यारं, धार लावायला ग्राइंडर, फेसशील्ड, वायरिंग आणि मशीन घरापर्यंत आणायचा खर्च. सगळे पैसे लेथमध्ये घातले आणि बोथट गाऊजने काम केलं तर नव्या मशीनवरही जुनंच काम होतं. निवड करायची वेळ आली तर मी १४ ऐवजी १२ इंचांची लेथ घेईन, पण ग्राइंडर सोडणार नाही.

घरी आल्यावर

मशीन ट्रान्सपोर्टने आलं. मी पेटी बाहेरून बघितली, सही केली आणि टेम्पोवाल्याला जाऊ दिलं. उघडल्यावर बँजोचा लॉकचा दांडा तुटलेला निघाला. पेटी वाटेत कुठेतरी आपटली होती. सही झालेली असल्याने कोणी दाद दिली नाही, दांडा मीच करून घेतला. तुम्ही पेटी त्यांच्यासमोर उघडा, उघडतानाचे फोटो काढा आणि मगच सही करा. उचलायला चार माणसं हवीत. शक्य असेल तर टेलस्टॉक, बँजो आणि मोटर उतरवून तुकड्या-तुकड्यांनी आत न्या.

बसवल्यावर मी टोकाला टोक लावून बघितलं तर ती केसभर बाजूला! रडायचीच बाकी राहिले होते. काकांनी आधी जमिनीवर लेव्हल ठेवली. पार्किंगच्या फरशीला पाणी जायला गेटकडे उतार असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चार पायांपैकी एक अधांतरी होता. बोल्ट आवळताना तो खाली ओढला गेला आणि त्याने बेडलाच पीळ दिला. आम्ही सगळे बोल्ट सैल केले, त्या पायाखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या सरकवल्या, लेव्हल दोन्ही दिशांनी बघितली आणि आडवे-तिडवे बोल्ट थोडे थोडे आवळले. टोकं बरोबर भिडली. मशीनला दोष द्यायच्या आधी त्याच्या पायाखाली बघा.

पहिल्या आठवड्यात शिसमाला हात लावू नका. बाभळीचे, कडुनिंबाचे पडके तुकडे कातत राहा, म्हणजे नव्या वेगांचा आणि नव्या वजनाचा हाताला अंदाज येतो. आठ-दहा तास चालल्यावर पट्ट्याचा ताण आणि सगळे बोल्ट परत तपासा, नवा पट्टा थोडा सैल होतोच. रोज काम संपलं की बेड पुसून मेणाचा हलका हात द्या. जून ते सप्टेंबरमध्ये एक दिवस चुकला तरी गंज दिसतो.

माझा पहिला पोळपाट शिसमाचा, १० इंचांचा. खालच्या बाजूला चकसाठी ५५ मिलिमीटरची, पाच मिलिमीटर खोल खाच पाडली, ती मी नंतर भरली नाही. तशीच ठेवली, ओट्यावरून उचलताना बोटं तिच्यात बसतात.

जुनी लेथ विकताना तिचा चक आणि सेंटर तिच्याबरोबरच द्या. जुना चक बहुधा नव्यावर बसत नाही, आणि घेणाऱ्याला त्या आट्यांचा सुटा चक शोधायला महिने लागतील. माझी लेथ निफाडजवळच्या एका शिक्षकांनी नेली. त्यांना मी पट्टा काढून स्पिंडल बोटांनी फिरवायला लावला, टेपरमध्ये करंगळी घालायला लावली, आणि ही ७५० च्या खाली येत नाही, ओबडधोबड लाकूड लावू नका, हे तीनदा सांगितलं. ते त्यावर भोवरे आणि पेन करतात.